1972 ची अल्बिन वेगा 27 घेतली, आता अटलांटिकमधल्या बर्म्युडा बेटावर नेऊ का?

आधीच सांगतो, ही शिडाची बोट घेऊन झाली आहे. साडेचार हजार डॉलर, अमेरिकेत चेसापीक बेवरच्या अ‍ॅनापोलिसजवळच्या एका खाडीत तीन वर्षं नुसती बांधून ठेवलेली, गाद्यांना बुरशी, पण मला बघताक्षणी आवडली, त्यामुळे बायकोने अट घातली की सर्व्हेयर, म्हणजे बोट तपासणारा जाणकार, आणल्याशिवाय एक डॉलर द्यायचा नाही. त्या अटीमुळेच हे लिहायला काहीतरी आहे.

वेगा मूळची स्वीडनची, 1966 ते 1979 मध्ये 3,400 च्या वर बनल्या. लांबी 27 फूट, रुंदी 8 फुटांच्या किंचित वर, वजन 2,300 किलो आणि त्यातलं 900 च्या वर किलो खाली कीलमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाशी असलेल्या जड पात्यात. घरच्यांना घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने फिरायची बोट ही. पण 2011 च्या जूनमध्ये मॅट रदरफोर्ड नावाचा माणूस असलीच एक जुनी वेगा घेऊन याच अ‍ॅनापोलिसहून निघाला, कॅनडाच्या उत्तरेकडच्या बर्फाळ नॉर्थवेस्ट पॅसेजमधून पलीकडे उतरला, खाली दक्षिण अमेरिकेच्या टोकाला केप हॉर्नला वळसा घातला आणि 309 दिवसांनी एकटाच, मध्ये कुठेही न थांबता परत आला. हे वाचलं की डोकं फिरतं, वाटतं त्याची गेली म्हणजे आपली पण जाणार.

मग मी आकडेमोड केली, इंजिनिअर माणूस, राहवत नाही. 1979 च्या फास्टनेट या इंग्लंडमधल्या शिडाच्या बोटींच्या रेसमध्ये वादळात 15 खलाशी गेले, त्यानंतर बोट उलटण्याचा अंदाज घ्यायला एक सूत्र निघालं, वजन पाउंडात घेऊन 64 ने भागायचं, त्याचं घनमूळ काढायचं आणि फुटातल्या रुंदीला त्याने भागायचं, उत्तर 2 च्या खाली आलं की समुद्रात न्यायला ठीक. वेगाचं येतं 1.88. मी खूश. सर्व्हेयर काकांना कौतुकाने दाखवलं तर म्हणाले कीलमधलं सगळं वजन काढून डोलकाठीच्या टोकाला बांधलंस तरी तुझं उत्तर 1.88 च येईल, सूत्राला वजन किती ते कळतं, कुठे आहे ते नाही. गप्प बसलो.

सर्व्हे तीन तास चालला आणि फुटामागे 25 डॉलर लागले, एकेक डॉलर वसूल. काका प्लास्टिकची हातोडी घेऊन सगळ्या डेकवर टकटक करत फिरले, आवाज खणखणीत तर बरं, भद्द आला तर आत पाणी मुरलंय. डेक बऱ्यापैकी चांगला निघाला, बोटीचं पोट तर उत्तमच. मग खाली उतरून त्यांनी टॉयलेटचं दार लावून बघितलं. मला कळेना हे काय चाललंय. दार अडकलं. वेगाची डोलकाठी डेकवर उभी असते, तिचा सगळा भार खाली एका आडव्या तुळईवर येतो, आणि डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा वर्षानुवर्षं ताणून ठेवल्या की ती तुळई दबते आणि खालची दारं अडकायला लागतात. खाडीत यामुळे फार काही अडत नाही, पण आठवडाभर लाटांनी डोलकाठी हलत राहिली तर काय होईल ते सांगता येत नाही.

डोलकाठीच्या तारा कधी बदलल्या हे आधीच्या मालकालाही आठवेना, साधारण 10-15 वर्षांत बदलायच्या असतात. पाणी आत-बाहेर जायचे पितळी व्हॉल्व्ह गुलाबी पडलेले, म्हणजे जस्त निघून गेलंय आणि उरलेलं कधीही तुटेल. केबिनच्या तोंडाला तीन फळ्या नुसत्या खाचेत सरकवलेल्या, बोट आडवी झाली की त्या समुद्रात आणि समुद्र आत. सुकाणूत थोडा खेळ आहे, ते किरकोळ.

हे सगळं, वर लाइफराफ्ट (बोट बुडाली तर चढायचा तराफा) वगैरे धरून काकांचा अंदाज चौदा हजारांचा, म्हणजे बोटीच्या तिप्पट! यात माझी मजुरी नाहीच.

आणि सामान. इथून बर्म्युडा सातशेच्या वर नॉटिकल मैल, ही बोट दिवसाला शंभर काढते, म्हणजे आठवडा, जास्तीचे धरून दहा दिवस. दोघांना पिण्याचं पाणीच साठ लिटर, तेवढंच राखीव, मग डिझेल, जेवण, नांगराची साखळी. एवढ्याशा बोटीत प्रत्येक किलो जाणवतो.

आपल्या मुंबईत सागवानात बांधलेली सुहेली आठवा, 32 फुटी, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन तीच घेऊन 1969 मध्ये 312 दिवसांत एकट्याने न थांबता जगाला फेरी मारून आले. ती बोट पण वाटेत गळत होती, ते भर समुद्रात बुडी मारून फटी बुजवत होते. मी डिझेल फिल्टर बदलायला यूट्यूब लावतो. त्यामुळे बोटीला मार्क देताना स्वतःला पण द्यावे लागले, आणि माझेच कमी आले.

तर बेमध्ये फिरायला, वीकेंडला, पोरांना घेऊन जायला ही बोट झकास, हलक्या वाऱ्यातही छान चालते, कीलची सरळ धार असल्याने सुकाणू सोडून चहा करता येतो. यंदा तारा आणि व्हॉल्व्ह, पुढच्या हिवाळ्यात तुळई, मग डेलावेअरच्या किनाऱ्याने एकदोन रात्री बाहेर. बर्म्युडाचं नंतर बघू, बायको हसतेय ते हसू दे.

कुणी वेगा बघायला जाणार असेल तर सूत्र-बित्र नंतर, आधी टॉयलेटचं दार लावून बघा. आमचं अजून लागत नाहीये, पाहुण्यांना पडदा दाखवतो.