ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत तयार झालेला प्रकल्प अहवाल

हळद दळून पाकीटबंद करण्याचा छोटा उद्योग उभा करायचा, असे आमच्या घरात ठरले तेव्हा जागा आणि यंत्रे यांच्याही आधी बँकेला द्यायच्या प्रकल्प अहवालाची अडचण उभी राहिली. तालुक्याच्या गावी असे अहवाल करून देणारे आहेत आणि त्यांच्यापैकी एकाने आमच्याकडे आठ हजार रुपये मागितले. त्याने दाखवलेला नमुना मी चाळला, तर त्यात दोन ठिकाणी हळदीऐवजी मिरचीचे आकडे तसेच राहिलेले होते. तो नाद सोडून मी आमच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत, जिथे वाचकांसाठी दोन संगणक ठेवलेले आहेत, पाच महिने आठवड्यातून तीन दुपारी बसले आणि अहवाल स्वतः तयार केला. त्या सेवेविषयीचा हा अभिप्राय आहे. उद्योग सुरू करणाऱ्यांनी आणि नोकरी शोधणाऱ्यांनी ती जरूर वापरावी असे माझे मत आहे. मात्र तिच्यात काही उणिवा इतक्या गंभीर आहेत की त्या सांगितल्याशिवाय शिफारस करणे मला योग्य वाटत नाही.

आमचा भाग हिंगोली जिल्ह्यातला, म्हणजे हळदीचा. ग्रंथालय शासनमान्य आहे, तालुका ‘अ’ वर्गातले. वार्षिक वर्गणी तीनशे रुपये, अनामत पाचशे रुपये आणि छपाईला एका पानाचे तीन रुपये. पुढच्या दालनात वर्तमानपत्रे, त्यामागे स्पर्धा परीक्षांच्या मुलांची अभ्यासिका आणि सर्वांत मागे संगणकांची खोली. अभ्यासिकेत सकाळी सातपासून जागा मिळत नाही. संगणकांच्या खोलीत मात्र अनेकदा मी एकटीच असे. नोंदवहीत नाव, वेळ आणि काम लिहायचे असते. माझ्याआधीच्या बहुतेक नोंदींत ‘काम’ या रकान्यात ‘फॉर्म भरणे’ एवढेच लिहिलेले होते.

सुरुवात मी राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयापासून केली. खरगपूरच्या आयआयटीने केंद्रीय शिक्षण मंत्रालयासाठी उभारलेले हे ग्रंथालय १९ जून २०१८ रोजी देशाला अर्पण झाले. ते कोणालाही विनामूल्य वापरता येते. ई-मेल पत्ता असला की नोंदणी होते. त्याचे स्वरूप आधी समजून घेतले तर पुढची निराशा टळते. ते मुख्यतः एक विशाल सूची आहे. देशभरातल्या संस्थांनी आपापल्या भांडारांत ठेवलेल्या पुस्तकांच्या, व्याख्यानांच्या आणि प्रबंधांच्या नोंदी तिथे एकत्र मिळतात आणि मूळ मजकुरासाठी त्या त्या संस्थेच्या दारात जावे लागते. काही दारे सर्वांना उघडी असतात, काही फक्त त्या संस्थेच्या सभासदांना.

पहिल्या दिवशी मी ‘हळद’ असे लिहून शोधले आणि हाती फारसे काही लागले नाही. ग्रंथपाल मॅडम मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “ताई, घरातलं नाव टाकू नका, शास्त्राच्या पुस्तकातलं नाव टाका.” मी बी.एस्सी. होऊन अकरा वर्षे झाली असली तरी ‘कर्क्युमा लाँगा’ हे नाव आठवत होते. ते इंग्रजी अक्षरांत लिहिले आणि पडदा नोंदींनी भरला. मग मॅडमनी डाव्या बाजूच्या चाळणीत ‘प्रबंध’ हा प्रकार निवडून दाखवला. या एका दुपारी मी जे शिकले त्यावर पुढचे सगळे महिने चालले. मराठीतून शोधणाऱ्याला मराठी शब्दाने पुरेसे सापडत नाही, ही मोठी उणीव आहे, आणि ती भरून काढायला आज तरी जाणते माणूसच शेजारी लागते.

खरा खजिना मला कृषिकोश या भांडारात सापडला. देशातल्या कृषी विद्यापीठांचे प्रबंध तिथे ठेवलेले असतात आणि त्यांत परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचेही आहेत. विद्यापीठांच्या पीएच.डी. प्रबंधांसाठी शोधगंगा हे दुसरे भांडारही तितकेच उपयोगी पडले. या प्रबंधांची भाषा इंग्रजी आहे आणि सुरुवातीची चाळीस-पन्नास पाने संदर्भांची असतात; ती सोडून थेट निष्कर्षांच्या तक्त्यांकडे जायचे, ही युक्ती मला उशिरा उमगली. हळद किती वेळ उकळावी, वाळवताना किती घट येते, पॉलिश करताना किती टक्के भुकटी झडते, दळताना चक्की तापली तर हळदीतले बाष्पशील तेल कसे उडून जाते, हे सगळे तिथे मोजून लिहिलेले आहे. माझ्या सासूबाई ओल्या हळदीच्या वाळवणीला ‘पाचाला एक’ म्हणतात, म्हणजे पाच क्विंटल ओल्या हळदीमागे साधारण एक क्विंटल वाळलेली. प्रबंधातले आकडे त्याच्या अगदी जवळपास होते. सासूबाईंचा हिशेब चाळीस वर्षांच्या अनुभवाचा आहे, परंतु बँकेच्या अहवालात तो लिहिता येत नाही. प्रबंधाचे नाव आणि पान क्रमांक लिहिता येतो. बँकेच्या अधिकाऱ्यांनी नेमक्या त्याच परिच्छेदावर बोट ठेवून “हे कुठून घेतलं?” असे विचारले, तेव्हा माझ्याजवळ छापील पान तयार होते.

दर्जाच्या नियमांचेही तसेच. भारतीय मानक ब्युरोची मानके आता त्यांच्या संकेतस्थळावर नोंदणी करून विनामूल्य उतरवून घेता येतात आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे नियमही त्या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर वाचता येतात. हळद पावडरमध्ये ओलावा १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावा, हळदीला रंग देणाऱ्या कुर्कुमिनचे प्रमाण किमान २ टक्के असावे आणि लेड क्रोमेट या भेसळीच्या पिवळ्या रंगाची चाचणी नकारार्थी यावी, हे वाचल्यानंतर मी अहवालात ओलावा मोजण्याच्या उपकरणाची आणि प्रयोगशाळेच्या तपासणीची रक्कम घातली. तयार नमुन्यांत ती सहसा नसते. २०२४ मध्ये ‘वसमत हळद’ला भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या भागाच्या मालालाच ते नाव वापरण्याचे संरक्षण, मिळाले, हे आमच्याकडे सर्वांना ठाऊक आहे, परंतु ते नाव पाकिटावर वापरायचे तर चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतंत्र नोंद करावी लागते, हे मला त्या कार्यालयाची कागदपत्रे संकेतस्थळावर वाचूनच कळले.

आर्थिक भागासाठी मी प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेच्या संकेतस्थळावरचे नमुना अहवाल घेतले. या योजनेत पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के आणि जास्तीत जास्त १० लाख रुपये इतके कर्जाशी जोडलेले अनुदान आहे, तर किमान १० टक्के रक्कम उद्योजकाने घालायची असते. नमुना अहवाल हा सांगाडा म्हणून उत्तम असतो. यंत्रांची यादी, वीजभार, मनुष्यबळ, फेडीचा तक्ता हे सगळे त्यात ओळीने मिळते. मात्र त्यातले दर तो तयार झाला त्या काळचे असतात आणि कच्चा माल बारा महिने सारखा खरेदी होईल असे त्यात गृहीत धरलेले असते. आमच्याकडे तसे होत नाही. काढणी जानेवारीपासून सुरू होते, शिजवून, वाळवून, पॉलिश होऊन माल बाजारात यायला मार्च-एप्रिल उजाडतो आणि चांगले हळकुंड स्वस्तात हवे असेल तर पुढच्या दोन-अडीच महिन्यांतच वर्षभराची खरेदी करावी लागते. म्हणजे खेळते भांडवल नमुन्यातल्या आकड्याच्या कितीतरी पट लागते. हे दाखवण्यासाठी मी केंद्र सरकारचे बाजारभावांचे ॲगमार्कनेट आणि राज्य कृषी पणन मंडळ यांच्या संकेतस्थळांवरून तीन वर्षांचे बाजारभाव महिन्यानुसार उतरवून घेतले आणि त्यांचा तक्ता केला. या एका तक्त्याला मला सहा दुपारी लागल्या. अहवालातला सर्वांत भक्कम भाग तोच ठरला.

छापील पुस्तके निरुपयोगी झाली आहेत असे मला मुळीच म्हणायचे नाही, परंतु नियमांच्या बाबतीत सावध राहावे लागते. ग्रंथालयाच्या कपाटात लघुउद्योगांवरचे एक पुस्तक आहे, त्यात उत्पादन क्षेत्रातल्या सूक्ष्म उद्योगाची मर्यादा यंत्रसामग्रीत २५ लाख रुपये अशी दिली आहे. ती २००६ च्या कायद्यातली मूळ मर्यादा. जुलै २०२० पासून ती १ कोटी गुंतवणूक आणि ५ कोटी उलाढाल अशी झाली आणि १ एप्रिल २०२५ पासून अडीच कोटी आणि १० कोटी अशी. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीच्या ‘उद्यम’ नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर सध्याची मर्यादा मिळते आणि ती नोंदणी पूर्णपणे विनामूल्य आहे. तिच्यासाठी पैसे मागणाऱ्या, हुबेहूब सरकारी दिसणाऱ्या जागा इंटरनेटवर आहेत, हे नवख्या माणसाला कोणी तरी सांगायला हवे. आमच्या मॅडमनी त्याचा कागद संगणकाच्या वर चिकटवून ठेवला आहे.

नोकरीच्या बाजूचा अनुभव माझ्या धाकट्या दिरांचा आहे. ते आयटीआयचे वीजतंत्री. त्यांनी याच संगणकावरून केंद्राची राष्ट्रीय करिअर सेवा आणि राज्याचे महास्वयम ही नोकरीची पोर्टले आणि शिकाऊ उमेदवारीचे पोर्टल अशा तिन्ही ठिकाणी नोंदणी केली आणि चौथ्या महिन्यात वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात त्यांना शिकाऊ उमेदवारी मिळाली. स्वयम या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षण मंचावरचे अभ्यासक्रम शिकायला पैसे लागत नाहीत, फक्त परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवे असेल तर शुल्क भरावे लागते, ही माहितीही त्यांना इथेच मिळाली. अभ्यासिकेतल्या मुलांचे मात्र मला वाईट वाटते. लोकसेवा आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिका आयोगाच्याच संकेतस्थळावर आहेत, बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात आहेत, मराठी विश्वकोश पूर्ण खुला आहे. आणि तरीही मुले हेच साहित्य समाजमाध्यमांवरच्या गटांतून शंभर-दोनशे रुपयांना विकत घेतात. भिंतीपलीकडच्या खोलीत ते फुकट मिळते हे त्यांना कोणी सांगितलेले नाही.

आता उणिवा. दोनपैकी एका संगणकावर मराठी टंकलेखनाची सोयच नव्हती. ती बसवून घ्यायला तीन आठवडे गेले. दुपारी वीज गेली की इन्व्हर्टर पुढच्या दालनातले पंखे चालवतो, संगणक बंद पडतात. जतन न केलेले काम जाते. माझा अर्धा तक्ता असाच एकदा गेला. स्त्रियांची एक वेगळीच अडचण आहे. अनेक सरकारी नोंदण्यांना आधारशी जोडलेल्या मोबाइलवर सांकेतिक क्रमांक येतो आणि तो मोबाइल बहुतेक घरांत नवऱ्याचा असतो. मी संगणकासमोर, मोबाइल शेतात आणि क्रमांकाची मुदत दहा मिनिटे, असे आमचे दोनदा झाले. तिसऱ्या वेळी मी आधी आधार केंद्रावर जाऊन स्वतःचा क्रमांक जोडून घेतला.

सर्वांत गंभीर गोष्ट मला दुसऱ्या आठवड्यात दिसली. माझी फाइल शोधताना ‘डाउनलोड्स’चा फोल्डर उघडला, तर त्यात सात जणांची आधार कार्डे, एका मुलीची गुणपत्रिका आणि कोणाचे तरी बँकेचे पासबुक तसेच पडलेले होते. मी ते मॅडमना दाखवले. त्यांनी त्याच दिवशी सगळे पुसून टाकले, परंतु रोज संध्याकाळी ते पुसले जाईल अशी व्यवस्था कार्यकारिणीकडून अजून झालेली नाही. लोक जिथे आपली ओळखपत्रे उघडतात तिथे एवढी दक्षता घेतलीच पाहिजे. तोपर्यंत वाचकाने स्वतःचा पेन ड्राइव्ह न्यावा आणि उठण्यापूर्वी प्रत्येक खात्यातून बाहेर पडून आपल्या फाइली पुसाव्यात.

काही उणिवा एका ग्रंथालयाच्या हातातल्या नाहीत. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ ही संशोधनपत्रिका वाचायला देणारी योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक आणि जवळपास १३,००० संशोधनपत्रिका. हे सगळे सरकारी उच्च शिक्षण संस्थांतल्या विद्यार्थ्यांना आणि संशोधकांना आणि केंद्राच्या संशोधन संस्थांना मिळते. ती फार मोठी गोष्ट आहे. परंतु माझ्यासारखी, जिचे महाविद्यालय सुटून अकरा वर्षे झाली, किंवा जो शेतकरी कधी महाविद्यालयात गेलाच नाही, त्याला सार्वजनिक ग्रंथालयाशिवाय दुसरे दार नाही आणि त्या दारापर्यंत ही योजना आलेली नाही. हळदीच्या साठवणुकीवरचे दोन शोधनिबंध मला म्हणूनच वाचता आले नाहीत. इकडे आपल्या राज्यात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, पण त्यात ग्रंथालय कराची तरतूद नाही. ग्रंथालये परिरक्षण अनुदानावर, म्हणजे शासनाकडून दैनंदिन खर्चासाठी मिळणाऱ्या अनुदानावर, चालतात आणि त्यांचा वर्ग ठरवताना ग्रंथसंख्या, वृत्तपत्रे, नियतकालिके मोजली जातात. वाचकाला प्रबंध शोधून देण्यात ग्रंथपालाची गेलेली दुपार मोजली जावी, अशी माझी मागणी आहे. या सेवेतली सर्वांत मोलाची वस्तू तीच दुपार आहे आणि आमच्या मॅडमना तिच्यासाठी जादा काहीही मिळत नाही.

अहवाल बँकेने दोन दुरुस्त्यांसह स्वीकारला. छपाई आणि बांधणी मिळून मला ३१० रुपये खर्च आला. मॅडमनी त्याची एक प्रत मागून घेतली, घरचे आकडे झाकून ती ‘स्थानिक उद्योग’ अशी चिठ्ठी लावलेल्या नव्या फाइलमध्ये ठेवली आणि मागच्या पानावर वापरणाऱ्याच्या सहीसाठी रकाना आखला. गेल्या आठवड्यात मी वर्गणी भरायला गेले होते तेव्हा त्या रकान्यात तीन सह्या होत्या. त्यांतली एक चिंचेच्या व्यवसायाची चौकशी करायला आलेल्या बचत गटाच्या अध्यक्षबाईंची होती.