गट पाडायचे की पाट्या वाटायच्या?

जून जवळ आला की एखाद्या नव्या शिक्षकाचा फोन येतोच. आठवी-नववीचं विज्ञान, वर्गात पन्नास-पंचावन्न पोरं, पस्तीस मिनिटांचा तास. नुसतं फळ्यावर शिकवून भागत नाही हे त्यांना पटलेलं असतं. आता मुलांचे गट करून शिकवू, की तुमचं ते पाट्यांचं प्रकरण करू (प्रत्येकाच्या हातात पाटी, आणि प्रश्नाचं उत्तर सगळ्यांनी एकदम लिहून दाखवायचं), एवढंच विचारायचं असतं. इथं कोल्हापुरात मी दोन्ही केलंय. गटकाम चार वर्षं, आणि पाट्या २०१९ पासून, मधली कोरोनाची वर्षं सोडून. माझं माप कुणाकडे झुकतंय ते लपणार नाही, पण गटांवर अन्याय होऊ नये असं बघतो.

संशोधनात याचं उत्तर सापडेल म्हणून मीही शोधाशोध केली होती. २०१४ साली अमेरिकेत विज्ञान-गणिताच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. नुसतं व्याख्यान ऐकणाऱ्यांत नापासांचं प्रमाण सुमारे ३४ टक्के होतं, आणि वर्गात स्वतः काही करणाऱ्यांत सुमारे २२. व्याख्यान मागे पडलं हे खरं, पण गट आणि पाट्या दोन्ही त्यात जिंकणाऱ्याच बाजूला येतात. शिवाय ती सगळी कॉलेजची मुलं. आपली निवड आपल्यालाच करावी लागते.

आधी गट. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर ज्ञानरचनावादाची, म्हणजे मूल स्वतः करून बघत ज्ञान घडवतं या विचाराची, जी प्रशिक्षणं झाली, त्यातल्याच एकातून मी भारावून परत आलो होतो, आणि ते भारावणं खोटं नव्हतं. बाटलीला तीन उंचीवर भोकं पाडून पाण्याच्या धारा बघायच्या असतील तर गटासारखं दुसरं काही नाही. एरवी तोंड न उघडणारं पोर सहा जणांत बोलतं. मागच्या बाकावरच्या एकाच्या वडिलांचं उद्यमनगरात वर्कशॉप आहे. हायड्रॉलिक जॅक एवढ्याशा जोरानं गाडी कसा उचलतो, हे त्यानं आपल्या गटाला असं सांगितलं की मी गप्प उभा राहून ऐकलं.

लोखंडी बाकं सरकवण्यात पाच-सात मिनिटं जातात, शेजारच्या वर्गातल्या बाई दोनदा डोकावून जातात, हे सगळं मी चालवून घेत होतो. चालेना ते एकच. एका संध्याकाळी वह्या तपासत होतो आणि एका वहीत ‘वातवरणीय दाब’ असं लिहिलेलं दिसलं. लाल खूण केली, पुढची वही घेतली, तिथंही ‘वातवरणीय’. तिसरी, चौथी, पाचवी, सहावी. अख्खा गट एकाच काना गेलेल्या शब्दावर उभा. लिहिणारी एकच मुलगी, चांगली हुशार, घाईत एक काना विसरलेली. बाकीच्या पाचांनी तो शब्द कधी वाचलाच नव्हता, नुसता उतरवला होता.

मग उपाय म्हणून भूमिका वाटून दिल्या. गटप्रमुख, लेखनिक, वेळ बघणारा. लेखनिकानं लेखन केलं, वेळ बघणाऱ्यानं वेळ बघितली. मला राग पोरांचा नव्हता. तास संपल्यावर बावन्न जणांतल्या कुणाला काय कळलंय हे मला सांगता येत नव्हतं, ही खरी चिडचिड होती. “कळलं का?” म्हटलं की छप्पर उडेल असं “व्हय सर!” येतं. ते व्याख्यानानंतरही येतं आणि गटकामानंतरही.

पाट्या याच चिडीतून आल्या. स्टाफरूममध्ये थट्टा झालीच: “काय सर, १९१७ सालात गेलाय काय? शाहू महाराजांनी शिक्षण सक्तीचं केलं तेव्हाचा स्टॉक आणलाय जणू!” रीत साधी आहे. प्रश्न विचारायचा, प्रत्येकानं आपल्या पाटीवर उत्तर लिहायचं, आणि “एक, दोन, तीन, वर!” म्हटलं की सगळ्यांनी एकदम माझ्याकडे धरायची. एकदम हे महत्त्वाचं. जी पाटी अर्धा क्षण उशिरा वर येते, तिनं शेजारी बघितलेलं असतं, हे आठवड्याभरात डोळ्याला कळायला लागतं.

एक प्रश्न सांगतो. रंकाळा तलावात एक मीटर खोल आणि घरामागच्या विहिरीत एक मीटर खोल, पाण्याचा दाब कुठं जास्त? धडा शिकवून झालेला, ‘व्हय सर’ही झालेलं, आणि तरी निम्म्याहून जास्त पाट्यांवर ‘रंकाळा’. गटात असतो तर मला हे घटक चाचणीत कळलं असतं. इथं मिनिटभरात कळलं. मग म्हटलं, शेजारच्याला पटवा. दोन मिनिटं कालवा झाला आणि त्यातून एकाचा आवाज आला, “आरं, पाण्याला काय ठावं रंकाळा केवढा हाय ते!” दुसऱ्यांदा पाट्या वर केल्या तेव्हा बहुतेकांवर ‘सारखाच’ होतं. पाण्याचा दाब खोलीवर ठरतो, पसाऱ्यावर नाही, हे पटल्यावर राधानगरी धरणाची भिंत तळाशी जाड का, हे मग मला वेगळं शिकवावं लागलं नाही.

ही युक्ती माझी नव्हे. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक माझूर यांनी १९९० च्या दशकात ती रूढ केली: प्रश्न, मत, शेजाऱ्याशी वाद, पुन्हा मत. साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर असतील तरच वाद घडवायचा. त्याहून कमी असतील तर आपणच पुन्हा शिकवायचं, जास्त असतील तर पुढं जायचं. आणखी एक गोष्ट आपोआप होते. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं १९७० च्या दशकात दाखवलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर उत्तरं सुधारतात. मला नुसतं थांबणं कधी जमलं नाही. पाटीवर पेन्सिल फिरत असते म्हणून थांबावंच लागतं.

आता २०१९ चं. जुलैअखेर ‘अ’ तुकडीला दाबाचा धडा गटांत शिकवला आणि ‘ब’ला पाट्यांवर. लगेच घेतलेल्या तोंडी परीक्षेत ‘अ’ थोडी पुढंच होती. मग ऑगस्टात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ४३ फुटांची धोका पातळी मागं टाकून ५५ च्या वर गेली आणि शाळा बंद पडली. शाळा पुन्हा भरल्यावर न सांगता तेच प्रश्न विचारले, तर ‘ब’ बरीच पुढं. याला प्रयोग म्हणू नका. ‘अ’मधली जास्त पोरं पूरपट्ट्यातली होती, दप्तरं भिजलेली, डोकं ठिकाणावर नसलेली. तरी मला रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा अभ्यास आठवला. उतारा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी पुढं होते, ८१ विरुद्ध ७५ टक्के. आठवड्यानं मात्र वाचलेलं आठवून लिहिणारे पुढं गेले, ५६ विरुद्ध ४२. पाटी म्हणजे तासात चार-पाच वेळा तेच आठवून लिहिणं.

पाट्यांचा जाच कमी नाही. लांब उत्तर त्यावर मावत नाही. मराठीच्या किंवा इतिहासाच्या तासाला त्यांचा किती उपयोग होईल, मला शंका आहे. रंकाळ्यासारखा प्रश्न आयत्या वेळी सुचत नाही, तो रात्री बसून काढावा लागतो, आणि चुकीचं उत्तर कुठलं येईल हे ओळखल्याशिवाय तो जमत नाही. पहिले पंधरा दिवस पाट्यांवर क्रिकेटचा स्कोअर आणि माझं चित्र निघतं. मुलांची तक्रारही असते: “सर, तुम्हीच सांगा की, तुमचं ऐकून जास्त कळतंय.” २०१९ मध्येच हार्वर्डमधल्या एका अभ्यासात हेच दिसलं होतं. स्वतः प्रश्न सोडवणारी मुलं शिकली जास्त, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटलं.

तुमचा वर्ग पंचवीस-तीसचा असेल, बाकं हलकी असतील आणि प्रयोगाचं साहित्य असेल, तर गटच घ्या, मी आड येणार नाही. मीही प्रयोगाच्या तासाला गटच करतो. पन्नाशीच्या वर्गाला रोजच्या तासासाठी मात्र, निदान माझ्यापुरतं, पाटीच.

घेणार असाल तर छोटे पांढरे बोर्ड घेऊ नका. मार्करची टोपणं आठवड्यात गायब होतात आणि मार्कर वाळतात. महाद्वार रोडला साध्या पाट्या मिळतात, चौकटीचे कोपरे हात फिरवून बघून घ्या. पुसायला प्रत्येकाला घरून एक जुनं फडकं आणायला सांगा, नाहीतर शर्टाच्या बाह्या वापरल्या जातात आणि आयांचे निरोप येतात. पेन्सिली मात्र स्वतःकडे ठेवा आणि तास संपला की मोजून परत घ्या. आमच्यातली दोघं त्या खातात.