मंगळदास मार्केट: बाळंतविड्यासाठी केलेली कापडखरेदी

भाचीच्या बाळासाठी बाळंतविडा घरीच शिवायचा असे मी ठरवले, तेव्हा तयार संच मागवून मोकळी हो, असे घरातल्या बहुतेकांनी सुचवले. तयार संचांविषयी माझी तक्रार एवढीच आहे की त्यांतील झबली पुष्कळदा होजिअरीची असतात आणि मुंबईच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, ती लवकर वाळत नाहीत. मलमलीचे झबले मात्र नुसत्या पंख्याखालीही काही तासांत वाळते. तेव्हा यादी केली ती अशी: सहा झबली, चार टोपडी, तीन दुपदरी दुपटी, आठ लाळेरी, एक कुंची, आणि एका दुपट्याला चारही बाजूंनी क्रोशाची लेस. चव्वेचाळीस इंची पन्ह्याच्या कापडात अर्ध्या मीटरमधून एक झबले आणि एक टोपडे सहज निघते, दुपदरी दुपट्याला दोन मीटर लागतात आणि लाळेऱ्यांना सगळी मिळून एक मीटर पुरते. हा हिशोब दहा मीटरांचा झाला. कापड पाण्यात आटते म्हणून त्यावर अर्धा मीटर जास्त धरला. एवढ्या कापडासाठी काळबादेवीच्या मंगळदास मार्केटपर्यंत जावे का, हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांच्यासाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

पार्ल्याहून जाणाऱ्यांनी मरीन लाइन्सला उतरून प्रिन्सेस स्ट्रीटने सरळ पूर्वेकडे चालत जावे. मध्य रेल्वेच्या लोकांना मशीद बंदर किंवा सीएसएमटी सोयीचे पडते, आणि आता भुयारी मेट्रोचे काळबादेवी स्थानकही झाले आहे. जुमा मशिदीजवळचा हा बाजार रविवारी बंद असतो, हे लक्षात न ठेवता पूर्वी एकदा मी बहिणीला घेऊन बंद दारापर्यंत गेले होते. वर छप्पर, खाली अरुंद गल्ल्या आणि दोन्ही बाजूंना कापडाच्या ताग्यांनी छतापर्यंत भरलेले गाळे अशी त्याची रचना आहे. डोक्यावर गठ्ठा घेतलेला हमाल मागून ओरडत आला की बाजूला होण्याची जागा प्रत्येकाने आपापली शोधायची असते. गुरुवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास पोहोचलो तर गर्दी सोसण्याजोगी होती. दुपारी दोननंतर मात्र गल्लीतून सरळ चालणे अवघड झाले.

या बाजाराचे खरे बळ सुती कापडात आहे. बाळाच्या कपड्यांसाठी मलमल हवी असे सांगितल्यावर पहिल्याच गाळ्यावरच्या वयस्कर शेठनी तीन प्रतींचे तागे उघडून समोर टाकले आणि कुठली कशाला, ते न विचारता सांगितले: सर्वांत विरळ मलमल लाळेऱ्यांना, मधली झब्ब्यांना नव्हे तर झबल्यांना, आणि दाट केंब्रिक दुपट्याच्या खालच्या पदराला. मोठ्यांचे झब्बे आणि बाळाची झबली या शब्दांत माझाच गोंधळ झाला होता, तो त्यांनी हसून दुरुस्त केला. घरी धुऊन पाहिल्यावर त्यांचा सल्ला तंतोतंत बरोबर ठरला. मी त्यांच्याकडून पांढरी आणि फिकट पिवळी साधी मलमल मीटरला एकशे चाळीस रुपयांनी घेतली. तिचा पोत पाहता हा भाव मला रास्त वाटला. बारीक फुलांच्या छापाचे कापड याहून थोडे महाग मिळाले.

शिवणाऱ्या बायकांसाठी मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट येथे नोंदवते. या गाळ्यावर कापड कात्रीने कापून न देता एक छोटी चीर देऊन हाताने फाडून दिले. नवख्या गिऱ्हाइकाला ते दांडगाईचे वाटते. परंतु फाडलेले कापड आडव्या धाग्याच्या रेषेतच फाटते, त्यामुळे तुकड्याच्या कडा सरळ येतात आणि चौकोनी दुपटे धुतल्यावर एका बाजूला ओढले जात नाही. कात्रीने कापलेला तुकडा टेबलावर सरळ दिसतो, पण धागा तिरका असेल तर पहिल्या धुण्यात तो आपले खरे रूप दाखवतो. छापील कापडाच्या बाबतीत मात्र फाडण्याचा उलटा त्रास होतो: छाप धाग्याशी समांतर बसलेला नसेल, तर फाडलेल्या कडेवर फुलांची रांग तिरकी पळताना दिसते. म्हणून छापील कापड घेण्यापूर्वी ताग्याचे टोक उलगडून छापाची ओळ आणि कापडाचा काठ यांतील अंतर दोन ठिकाणी मोजून पाहावे. मी मोजले, एका ताग्यात अर्ध्या हाताच्या आतच बोटभर फरक निघाला, आणि तो तागा मी परत ठेवला.

गैरसोयी सांगायच्या तर गाळ्यांतील ट्यूबलाइटच्या उजेडात पांढरा, मोतिया आणि दुधी हे तीन रंग एकसारखे दिसतात. दुपट्याचे दोन पदर वेगवेगळ्या ताग्यांतून घेत असाल तर दोन्ही तुकडे हातात घेऊन दाराशी जावे, कितीही संकोच वाटला तरी. बसायला जागा नाही, ही वयस्कर गिऱ्हाइकांची मोठी अडचण आहे. काही गाळे केवळ घाऊक व्यवहार करतात आणि दोन मीटर मागितले की मान हलवतात. त्यांचा राग धरण्यात अर्थ नाही, पण तसे पाटीवर लिहिलेले असते तर चार पायऱ्यांची चढउतार वाचली असती. घासाघीस होते, मात्र साध्या सुती कापडात फारसा वाव नसतो. सगळे कापड एकाच ठिकाणी घेतल्याने मला शेवटच्या बिलात पन्नास रुपयांची सूट मिळाली, आणि तीही मागितल्यावर.

कापडाविषयी इतके चांगले लिहिल्यावर दोऱ्याविषयी मात्र हात आखडता घ्यावा लागतो. बाजाराबाहेरच्या एका गल्लीत शिवणसाहित्याच्या दुकानातून क्रोशाचा पिवळा दोरा घेतला. दुकानदाराने तो शुद्ध सुती असल्याचे ठामपणे सांगितले होते आणि गुंडाळीवर तसे छापलेलेही होते. दुपट्याचा घेर चार मीटर. तीन ओळींची लेस मी तासाला साधारण आठ इंच विणते, म्हणजे एका दुपट्यामागे वीस तासांचे काम. सहा तास विणून झाल्यावर दोरा सुईवरून नको तितका घसरतो आणि त्याची चमक काचेसारखी आहे, असे जाणवले. तुकडा चिमट्यात धरून काडीने पेटवला. सुती दोरा कागदासारखा जळतो आणि त्याची राख बोटांत भुकटी होते. हा दोरा आक्रसत वितळला आणि टोकाला काळी कडक गुठळी राहिली. त्यात पॉलिस्टर होते.

यात नुसत्या फसवणुकीचा प्रश्न नाही. सुती कापड पहिल्या काही धुण्यांत आणखी थोडे आटते, पॉलिस्टर जवळजवळ आटत नाही. परिणामी दुपटे लहान होते, लेस तेवढीच राहते आणि सपाट बसण्याऐवजी झालरीसारखी हेलकावे घेते. शिवाय बाळाच्या कपड्यांवर फिरवली जाणारी कडक इस्त्री असा दोरा सहन करत नाही. सहा तासांचे काम उसवून टाकले. दुकानाने गुंडाळी परत घेतली नाही, कारण ती उघडलेली होती आणि मी पावती मागितली नव्हती. ही दुसरी चूक सर्वस्वी माझी.

त्यानंतर दादरला, जेथून मी वर्षानुवर्षे लोकर आणि दोरा घेते, तेथून मर्सराइज्ड सुती दोरा वीस नंबरचा आणला. नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक, हे नव्याने विणणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. वीस नंबरला सव्वा मिलिमीटरची पोलादी सुई बरोबर जुळते. मर्सराइज्ड म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात प्रक्रिया केलेला दोरा. जॉन मर्सर या इंग्रज रसायनतज्ज्ञाने १८५० मध्ये या प्रक्रियेचे पेटंट घेतले. सोड्यामुळे कापसाचा चपटा, पिळलेला तंतू फुगून गोलसर होतो, त्याला बळकटी येते आणि रंग अधिक चांगला धरतो. पुढे दोरा ताणून धरून हीच प्रक्रिया केल्यावर आजची ती सौम्य चमक मिळू लागली. तरीही रंगाची खात्री आपण करावीच. गडद रंगाचा हातभर दोरा पांढऱ्या ओल्या फडक्यात गुंडाळून रात्रभर ठेवावा. सकाळी फडक्यावर छटा उतरली असेल तर तो दोरा बाळाच्या वस्तूला वापरू नये. मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो, या समजुतीवर मी एकदा एक पांढरा टेबलक्लॉथ गमावला आहे.

कुंचीसाठी खण हवा होता. मंगळदास मार्केटमध्ये तो शोधण्यात वेळ घालवू नये. मला दादरलाच मनासारखा, गर्द हिरवा, लाल काठाचा मिळाला, आणि बारशाच्या दिवशी मिरवायच्या वस्तूला तेथील निवड पुरेशी आहे. खण अंगाला बोचतो, म्हणून त्याला आतून त्याच मलमलीचे अस्तर लावले.

कापड घरी आणल्यावर प्रथम साध्या पाण्यात रात्रभर भिजवले, सावलीत वाळवले आणि मोजले. मीटरमागे सुमारे चार सेंटिमीटर आटले होते, तेव्हा जास्त घेतलेला अर्धा मीटर सत्कारणी लागला. मलमलीला मशीनमध्ये अकरा नंबरची सुई घातली. नेहमीची चौदा नंबरची जाड सुई विरळ कापडाला भोके पाडते आणि शिवण चुरगळते. झबल्यांना गुंड्या लावल्या नाहीत, आखूड बंद लावले, कारण तुटलेली गुंडी बाळाच्या तोंडात जायला वेळ लागत नाही. क्रोशाची लेसही फक्त दुपट्याच्या कडेला ठेवली. बाह्यांना किंवा गळ्याला लावली तर तिच्या कमानींत बाळाची बोटे अडकतात, हे माझ्या आईने मला पहिल्या झबल्याच्या वेळीच बजावले होते. दुपट्याच्या कडेला आधी काजटाका घालून त्यात पहिली ओळ मुक्या खांबांची, दुसरी साखळ्यांच्या कमानींची आणि तिसरी शिंपल्यांची विणली. ती सपाट बसली आहे.

बाळ आता तीन महिन्यांचे आहे. भाचीच्या घरी झबली रोज धुतली जातात. मलमल अधिक मऊ झाली आहे, शिवण कुठे सुटलेली नाही आणि फिकट पिवळा रंग अजून पिवळाच आहे. छापील कापडाचे एक लाळेरे मात्र थोडे विटले. संक्रांतीनंतर बोरनहाण असेल तेव्हा काळ्या झबल्याचे कापड घ्यायला मी पुन्हा त्याच गाळ्यावर जाणार आहे. या वेळी दारापर्यंत जाऊन उजेडात काळा आणि गडद निळा यांतील फरकही पाहीन, आणि दोरा दादरहूनच आणीन.