लोहामंडीतून आणलेला जुना एक्सल: नऊ महिन्यांनंतर

सोयाबीन निघालं, गहू पेरून झाला, आता जरा सवड आहे. मार्चमध्ये इंदूरच्या लोहामंडीतून आमच्या जीपसाठी मागचा जुना एक्सल आणला. त्यावर साडेतीन हजार किलोमीटर झाले. शहरात थोडेच, बाकी सगळे सिमरोल, भेरूघाट, चोरल आणि तिथून शेताची वाट. एक्सल चांगला निघाला. घेणारा मात्र कच्चा होता.

गाडी महिंद्राची सीजे-३बी, १९७८ची, उंच बॉनेटवाली. मूळ पेट्रोल इंजिन कधीच गेलं, आता डिझेल आहे. मागे डाना ४४ जातीचा एक्सल. या जुन्या डानाच्या शाफ्टचं टोक निमुळतं असतं. त्यावर हब, म्हणजे चाक बसतं तो भाग, एका चावीने (छोट्या लोखंडी पाचरीने) अडकतो आणि मोठ्या नटाने आवळलेला राहतो. नट ढिला राहिला की चावी झिजते आणि एक दिवस कापली जाते. मग गिअर टाकला तरी इंजिन नुसतं ओरडतं, गाडी जागची हलत नाही. आमची होळीच्या आदल्या दिवशी भेरूघाटाच्या चढावर अशीच बसली. शाफ्टचं टोक खाल्लेलं होतं, उजवीकडची एक्सलची नळीही किंचित वाकलेली. उस्ताद, म्हणजे आमचे मिस्त्री, म्हणाले, शाफ्टपुरतं काम करू नका, अख्खा बदला.

दुकानदाराने पहिलंच वाक्य टाकलं, ‘भिया, आर्मी का माल है, जोंगा का.’ जोंगा म्हणजे जबलपूरच्या व्हेईकल फॅक्टरीत बनलेली निसान पॅट्रोल. महूची छावणी इतकी जवळ, त्यामुळे आपल्याकडे जाड दिसणारं कुठलंही लोखंड जोंगाचं असतं! मी नुसते स्टड, म्हणजे चाक आवळायचे बोल्ट, मोजले. जोंगाच्या हबला सहा असतात, इथे पाच. शेजारच्या दोन स्टडच्या मध्यांमधलं अंतर ८२ मिलिमीटर भरलं. पाच स्टडच्या हबला त्या अंतराला १.७ ने गुणलं की स्टडच्या वर्तुळाचा व्यास मिळतो. आले साधारण १४० मिलिमीटर, म्हणजे साडेपाच इंच, तेच जीपचं जुनं माप. खरं तर जोंगाच्या सहा स्टडचं वर्तुळही साडेपाच इंचांचंच असतं, त्यामुळे नुसती टेप लावून फसायला होतं. आधी स्टड मोजा.

मग बाकीचं पाहिलं. हाउसिंगच्या बरगडीवर मातीखाली ४४ हा ओतीव आकडा होता. मागच्या झाकणाला दहा बोल्ट. डिफचा गोळा, म्हणजे दोन्ही चाकांना जोर वाटणाऱ्या गिअरांचा फुगवटा, मधोमध नाही, उजवीकडे सरकलेला. हे फार महत्त्वाचं आहे, कारण आमच्या ट्रान्सफर केसमधून (पुढच्या-मागच्या एक्सलला जोर वाटणाऱ्या पेटीतून) प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे एक्सलला फिरवणारा लांब दांडा, उजव्या अंगानेच मागे येतो. गोळा मध्ये असलेला एक्सल कितीही स्वस्त मिळो, तो या गाडीत तिरकाच चालणार. झाकणाचा खालचा बोल्ट काढून तेल पाहिलं, काळं होतं पण दुधाळ नव्हतं, म्हणजे आत पाणी गेलेलं नाही. ब्रेकचे ड्रम फिरवून पाहिले, नळ्या सरळ. साडेअकरा हजारांत ठरलं. जुना एक्सल त्याच दुकानात वजनावर दिला, ७२ किलो भरला, अडीच हजार हातात आले. त्या दिवशी मी फार हुशार होतो.

एप्रिल-मे मजेत गेले. इंजिन मोकळं वाटायला लागलं, खंडवा रोडवर तर गाडी चक्क शांत धावे. एक गोष्ट मात्र खटकायची. काटा ४० दाखवी तेव्हा मोबाईल ४४ सांगे. जुना मीटर, चालायचंच, म्हणून सोडून दिलं. तिथेच थांबून विचार करायला हवा होता.

जुलैत चोरलच्या काळ्या मातीत फोर व्हील टाकली. गाडी आरामात निघाली, घरी फुशारकीही मारून झाली. ऑगस्टमध्ये शेतातून डांबरी रस्त्यावर आलो आणि फोर व्हीलचा लिव्हर बाहेर येईना. स्टिअरिंग जड, गाडी कोणीतरी मागून धरल्यासारखी, टायर चिरचिरताहेत. शेवटी थोडी रिव्हर्स घेतली तेव्हा खट्कन आवाज होऊन लिव्हर सुटला.

उस्तादांनी झाकण उघडून दात मोजायला लावले. क्राऊनला (डिफमधल्या मोठ्या चक्राला) ३९, पिनियनला (त्याला फिरवणाऱ्या छोट्या चक्राला) ८. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलरचे ४.८८ फेरे. पुढच्या एक्सलमध्ये ४३ आणि ८, म्हणजे ५.३८. फोर व्हीलमध्ये पुढचा-मागचा प्रोपेलर एकाच वेगाने फिरतो, त्यामुळे पुढची चाकं दहा फेरे घेतात तेवढ्यात मागची अकरा घ्यायला बघतात. चिखलात चाकं घसरून तो फरक पचवतात, म्हणून जुलैत काही कळलंच नाही. डांबरावर घसरायला जागा नाही, सगळा ताण शाफ्टवर, त्याच्या सांध्यातल्या क्रॉसवर आणि ट्रान्सफर केसवर येतो. मीटरची केबल ट्रान्सफर केसमधून निघते, तेव्हा काटा मागे पडण्याचं कारणही हेच. महिनाभर असंच चाललं असतं तर पुढचा क्रॉस तरी नक्की गेला असता.

हे दुकानातच कळलं असतं, झाकण न उघडता. एक ड्रम पायाने दाबून धरायचा, दुसरा हाताने बरोबर दोन फेरे फिरवायचा आणि पिनियनचे फेरे मोजायचे. पाच व्हायला जरा कमी पडले तर ४.८८. पाचाच्या वर तिसऱ्या हिश्श्याहून थोडे जास्त गेले तर ५.३८. फरक जेमतेम अर्ध्या फेऱ्याचा, म्हणून खडूने खूण करूनच मोजावं.

आता उपाय. ४३-८ची चांगली जोडी माझ्याच जुन्या एक्सलमध्ये होती, जो मी किलोवर विकला होता. धावत गेलो. एक्सल कोपऱ्यात तसाच पडलेला, अजून कापला नव्हता. दुकानदाराने माझं तोंड पाहिलं आणि नुसत्या क्राऊन-पिनियनचे चार हजार सांगितले. दिले. काय करणार! विकलेली वस्तू त्याची, आणि चूक माझी.

या दोन्ही जोड्या एकाच डिफ केसवर बसतात, त्यामुळे केस बदलावा लागला नाही. पण क्राऊन आणि पिनियन कारखान्यातच एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, दोघांवरचा जोडीचा नंबर एकच हवा. आमचा जुळला. उस्तादांनी शेंदूर तेलात कालवून दातांना लावला, फिरवून ठसा पाहिला, पिनियनचं शिम, म्हणजे अंतर जुळवणारी पातळ चकती, दोनदा बदललं. सगळ्यात जास्त वेळ यातच गेला, दोन दिवस. ही मजुरी कमी करायला सांगू नका. नव्वद नंबरचं ईपी गिअर तेल, सव्वा लिटरच्या आसपास.

सप्टेंबरपासून आवाज नाही. डांबरावर फोर व्हील तरीही टाकत नाही, जुळलेल्या एक्सललाही वळणावर ताण येतोच. हब नट दर हजार किलोमीटरला पाना लावून बघतो. इंजिन पुन्हा पहिल्यासारखं ओरडतं, उन्हाळ्यातली ती शांतता गेली याचं मात्र वाईट वाटतं.

तक्रार एकच उरली आहे. ब्रीदर, म्हणजे एक्सलमधली हवा बाहेर सोडणारं भोक, मातीने बुजला होता, आत दाब वाढून तेल डाव्या सीलमधून ड्रममध्ये उतरलं आणि ब्रेक एका बाजूला ओढू लागले. आता ब्रीदरला रबरी नळी जोडून चेसिसपर्यंत वर नेली आहे. सील अजून किंचित पाझरतं. तेवढं गव्हाच्या पहिल्या पाण्यानंतर काढू.