साउंडबार की अँप-स्पीकर, आणि घरचा फोन कोणता: लाइट जाणाऱ्या घराचा हिशेब

लातूर, परभणी, हिंगोलीकडचं घर, घरी आई-वडील, मुलं पुण्यात नाहीतर संभाजीनगरात नोकरीला. सणाला सगळे जमले की दोन तक्रारी हमखास निघतात: टीव्हीतलं बोलणं नीट ऐकू येत नाही आणि फोन लागत नाही. बजेट बहुधा वीस-पंचवीस हजारांचं. मोबाइलवर बघावेत ते रिव्ह्यू महानगरातल्या फ्लॅटमधले. त्यांची ना रोज लाइट जाते, ना मे महिन्यात अर्थिंगचा खड्डा सुकतो. म्हणून ही तुलना आपल्याकडच्या घरांसाठी.

टीव्हीसाठी की गाण्यांसाठी?

"दोन्हीसाठी" असंच सगळे सांगतात. संध्याकाळी सात ते दहा घरात काय चालतं ते बघा, खरं उत्तर तिथे मिळेल. मालिका आणि बातम्याच चालत असतील तर साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायची लांब स्पीकरपट्टी घ्या, जास्त खोलात जाऊ नका. त्याची मोठी बाजू आवाजापेक्षा सोयीची आहे. टीव्हीमागच्या ज्या एचडीएमआय पोर्टवर 'एआरसी' लिहिलंय तिथून एक केबल बारला जोडायची, टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी (एकाच रिमोटवर दोन्ही मशीन चालवण्याची सोय) चालू करायचं. मग टीव्हीच्याच रिमोटवर आवाज कमी-जास्त होतो आणि टीव्ही बंद केला की बारही बंद. घरात आधीच सेटटॉप बॉक्सचा आणि टीव्हीचा असे दोन रिमोट उशीखाली असतात. तिसरा आला की वडील त्याला हात लावत नाहीत, आणि आठ-दहा हजारांचा बार नुसता शोभेला राहतो.

काही दुकानांतून घरी आलेला पोरगा बार ब्लूटूथने जोडून पाच मिनिटांत मोकळा होतो. तसं करू देऊ नका. ब्लूटूथवर आवाज साधारण दीड-दोनशे मिलिसेकंद मागे पडू शकतो. बातम्या देणारीचे ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात. केबल लावून घ्या.

गाणी, भजनं, नाट्यसंगीत मन लावून ऐकणारं कुणी घरात असेल तर मात्र छोटा स्टिरिओ अँप्लिफायर (स्पीकरला ताकद देणारं मशीन, थोडक्यात अँप) आणि बुकशेल्फ, म्हणजे फळीवर मावणाऱ्या स्पीकरची जोडी. सगळं मिळून पंधरा हजारांच्या पुढे जातं, साउंडबारपेक्षा जागा जास्त खातं, पण बारच्या तीन फुटी पट्टीत डावा-उजवा स्पीकर कोंबलेला असतो आणि इथे दोन्हींत सहा-सात फूट अंतर ठेवता येतं. फरक दुकानातच कळतो, फक्त ऐकायचं काय ते तुम्ही ठरवायचं. दुकानदार सिनेमातला स्फोट वाजवतो. स्फोट सगळ्यांवरच भारी वाजतो. तुम्ही टाळ, वीणा, पखवाज असलेला एखादा अभंग मोबाइलमध्ये उतरवून न्या.

आधी टाळ ऐका. हलक्या स्पीकरवर त्यांची किणकिण तापल्या तेलात मोहरी पडल्यासारखी तडतडते, सगळे टाळ एकात एक मिसळतात. चांगल्यावर टाळ वाजून नाद विरत जातो तो शेवटपर्यंत कळतो. मग पखवाज. धुमेला, म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडाला, कणीक लावलेली असते, तिचा तो ओलसर, खोल आवाज स्वस्त साउंडबारचा सबवूफर (खालच्या सुरांचा वेगळा स्पीकर) सरसकट 'धप' करून टाकतो. छोटा बुकशेल्फ तितका खोल जात नाही, हे मान्य. पण हात पखवाजाच्या चामड्यावर दाबला की उचलला, हे त्याच्यावर ऐकू येतं. शेवटी डोळे मिटून बुवांचा आवाज कुठून येतोय ते बघा. दोन स्पीकरच्या बरोबर मधून आला तर जोडी नीट लावलेली आहे.

खोक्यावरच्या 'पीएमपीओ'च्या हजारांच्या आकड्याला काडीचा अर्थ नाही, 'आरएमएस', म्हणजे सतत मिळणारे खरे वॅट, किती ते विचारा. त्याहीपेक्षा स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच वॅटवर तो किती डेसिबल आवाज काढतो, ते बघा. वॅट दुप्पट केले तरी आवाज जेमतेम ३ डेसिबलने चढतो. म्हणजे ८४ डेसिबलवाल्या स्पीकरला ९० डेसिबलवाल्याइतका आवाज काढायला चौपट वॅट लागतात. दहा बाय पंधराच्या हॉलला चांगले तीस-चाळीस वॅट पुरून उरतात.

पाच स्पीकरवाला होम थिएटरचा डबा? नको. मागच्या दोन स्पीकरच्या वायरी झाडूत अडकतात आणि मग ते दोन्ही स्पीकर टीव्हीखालीच येऊन बसतात.

जोडताना

अँपची एक अडचण आधीच सांगतो. बऱ्याच नव्या टीव्हींना लाल-पांढऱ्या पिनांचं आउटपुट नसतं, ऑप्टिकल (प्रकाशाच्या केबलचं डिजिटल) असतं. अँपला ऑप्टिकल नसेल तर मध्ये छोटा डॅक (डिजिटल आवाज अँपला चालेल असा करून देणारी डबी) लावावा लागतो. तो लावूनही आवाज आला नाही, किंवा नुसती खरखर आली, तर डॅक परत करायला धावू नका. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'ऑटो' किंवा 'डॉल्बी' असेल ते 'पीसीएम' (साधा डिजिटल आवाज) करा. साधा डॅक डॉल्बी उलगडू शकत नाही, एवढंच असतं. शिवाय ऑप्टिकलवर टीव्हीचा रिमोट आवाजाला चालत नाही, आवाज अँपच्याच रिमोटने कमी-जास्त करायचा. आई-वडिलांसाठी घेत असाल तर हा मुद्दा पखवाजाच्या आधी ठेवा. स्पीकरला महागडी वायर लागत नाही. घराच्या वायरिंगची दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर मस्त चालते, लाल-काळं दोन्ही टोकांना सारखं आलं म्हणजे झालं.

नव्या स्लॅबच्या घरात गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती. आवाज घुमतो आणि शब्द चिकटतात. समोर सतरंजी अंथरा, खिडकीला जाड पडदा टाका. पाच हजार वाढवून वरचं मॉडेल घेण्यापेक्षा हे जास्त कामाला येतं. जुन्या माळवदाच्या घरात लाकूड-मातीमुळे आवाज मुळातच कमी घुमतो, तिथे साधे स्पीकरही खुलतात. सबवूफर कोपऱ्यात कोंबू नका, कोपऱ्यात दणका फुगतो.

आता घरघर. स्पीकरमधून सतत 'घूंऽ' असा आवाज येत असेल तर बहुतेक वेळा दोष अर्थिंगचा किंवा इन्व्हर्टरचा असतो, मशीनचा नसतो. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, कोरडी पडते, आणि कोरड्या मातीत अर्थिंगचा रोध वाढतो. कोळसा-मीठ भरलेला खड्डा असेल तर उन्हाळ्यात त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतत जा. लाइट गेल्यावरच घरघर सुरू होत असेल तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे का ते बघा. नवा घेताना साइन वेव्हचाच घ्या. वळवाचा पाऊस कडाडायला लागला की प्लग आणि डिशची केबल, दोन्ही काढून ठेवायची. नुसतं बटन बंद करून भागत नाही.

दुरुस्तीचं मात्र अँपकडे झुकतं. अँपचा फ्यूज, ट्रान्झिस्टर, कपॅसिटर गावातला जुना रेडिओवालाही बदलून देतो. साउंडबारचं बोर्ड गेलं की सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं, तेही आपल्या जिल्ह्यात आहे का हे घेण्याआधीच विचारा.

फोन

तांब्याच्या तारेवरच्या जुन्या लँडलाइनला एक्स्चेंजमधूनच वीज यायची, म्हणून गावची डीपी जळाली तरी फोन वाजायचा. आता फायबरवर लँडलाइन मिळते. नंबर तसाच, ०२३८२ किंवा ०२४५२ पासून सुरू होणारा, पण फोन घरातल्या मोडेममध्ये जोडलेला असतो आणि मोडेमला घरची लाइट लागते. लाइट गेली की फोन मुका. उपाय म्हणजे राउटरसाठी मिळणारा १२ व्होल्टचा मिनी यूपीएस, लाइट गेल्यावर मोडेम चालवणारी छोटी बॅटरी. घेताना मोडेमच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून बघा.

इथे कॉर्डलेस घेणारे फसतात. मोडेम यूपीएसवर असतो, पण कॉर्डलेसच्या बेसला वेगळा अडॅप्टर लागतो आणि तो भिंतीतल्या सॉकेटला असतो. म्हणून इन्व्हर्टर नसेल तर साधा, वायरवाला, मोठ्या बटनांचा फोन घ्या. इन्व्हर्टर असेल आणि आई कधी ओसरीत, कधी परसात असेल तर कॉर्डलेस चांगला.

दुसरा पर्याय सिमवर चालणारा टेबल फोन. दिसायला लँडलाइन, आत सिम आणि बॅटरी. लाइट गेल्यावरही काही तास चालतो, फायबर न आलेल्या वाडी-तांड्यावर तर हाच. फक्त ४जी व्होल्टीचा, म्हणजे ४जीवरून बोलणं होणारा, आहे याची खात्री करा. स्वस्तातले २जीवाले जिओच्या सिमवर चालणार नाहीत, कारण जिओचं २जी नेटवर्कच नाही. आणि लाइट फार वेळ गेली की टॉवरची बॅटरीही उतरते, तेव्हा याचाही इलाज चालत नाही.

तिसरा पर्याय फुकटातला, वाय-फाय कॉलिंग, म्हणजे टॉवरऐवजी घरच्या वाय-फायवरून मोबाइलचा फोन लावणं. एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये ते सुरू केलं. माळवदाच्या हातभर जाड भिंतीत रेंज मरते, तिथे घरात फायबर असेल तर मोबाइलच्या सेटिंगमध्ये एवढं एक बटन चालू केलं की माजघरातूनही फोन लागतो. मोडेम टीव्हीमागे न ठेवता मधल्या खोलीत उंचावर लावा आणि फोन वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झला जोडा. जाड भिंतीतून ५ गिगाहर्ट्झपेक्षा तो बरा पोचतो.

वडिलांना स्मार्टफोन जमत असेल तर वाय-फाय कॉलिंग आणि मिनी यूपीएस, बस. जमत नसेल, किंवा ऐकायला कमी येत असेल, तर फायबरवर वायरचा फोन; रिंगचा आवाज मोठा करता येतो ना, ते दुकानातच वाजवून बघा. मुलांचे नंबर त्यात स्पीड डायलला टाकताना प्रत्येक मोबाइल नंबरच्या आधी शून्य टाका. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला शून्याशिवाय फोन लागत नाही, आणि हे वडिलांना पुण्याहून फोनवर समजावत बसण्यापेक्षा निघण्याआधी भरून, एकेक बटन त्यांच्याकडूनच दाबून घेतलेलं बरं.