व्हॅक मशीन घरी वापरलं: आबांचा पाय, अडीच महिने

माझे सासरे, आम्ही आबा म्हणतो, अठरा वर्षांपासून साखरेचे पेशंट. फेब्रुवारीत शेतात पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाच्या झाडाचं, खुंट पायाच्या करंगळीखाली घुसलं आणि त्यांना कळलंही नाही, पायाची जाणीवच गेलेली. मार्चमध्ये धुळ्याला ऑपरेशन होऊन करंगळी आणि सडलेला भाग काढावा लागला.

जखम भरायला व्हॅक मशीन, म्हणजे जखमेतलं पाणी सतत ओढून घेणारा छोटा पंप, लावायचं ठरलं. त्याआधी डॉक्टरांनी पायाचा डॉप्लर, म्हणजे रक्त कसं वाहतंय ते बघायची सोनोग्राफी, करायला लावला. गुडघ्याखालची एक रक्तवाहिनी अरुंद निघाली, ती आधी फुग्याने उघडली. हा टप्पा कोणीही गाळू नका. पायापर्यंत रक्तच पोहोचत नसेल तर मशीन जखम कशाच्या जोरावर भरणार?

काळा फोम जखमेच्या मापाने कापून बसवतात, वर पारदर्शक चिकट पट्टी, तिच्यातून नळी डब्यात. मशीन उणे १२५ मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाने ओढत राहतं. जखमेतलं पाणी निघतं, सूज उतरते, मग सुजेने दाबलेल्या बारीक रक्तवाहिन्यांत पुन्हा रक्त खेळायला लागतं. दुसऱ्या दिवशी घोट्यावर कातडीच्या सुरकुत्या दिसल्या तेव्हा मला पहिल्यांदा धीर आला.

खरी परीक्षा घेतली आपल्याकडच्या उन्हाळ्याने. पारा ४३-४४ वर, घामाने पट्टीची कड सुटायची आणि रात्री दोनला अलार्म. आबा वैतागायचे, "हाई मशीन रातभर गुरगुर करस!" मी मोबाइलच्या उजेडात कडेवरून बोट फिरवायचे. जिथे बारीक सूं ऐकू यायचं तिथे नवी पट्टी. बोटांची बेचकी सर्वांत त्रासाची. पायावरचे केस काढून कातडी पूर्ण कोरडी केल्यावर पट्टी टिकायला लागली.

ड्रेसिंग दर तिसऱ्या दिवशी. फोम मांसाला चिकटतो, म्हणून नर्सताई आधी सलाईन सोडून पंधरा मिनिटं थांबायच्या. फोमचे किती तुकडे आत आहेत ते पट्टीवर पेनने लिहायच्या आणि काढताना मोजायच्या. एखादा तुकडा आत राहिला तर जखम चिघळते, त्यामुळे तुमच्याकडेही हे लिहून घ्या.

भाड्याने देणाऱ्याने पहिल्यांदा जे मशीन दिलं त्याची बॅटरी तासभरही टिकेना, आणि आमच्याकडे दुपारी लाईट जाते. दोन तासांपेक्षा जास्त बंद राहिलं तर फोम काढून साधं ड्रेसिंग करावं लागतं. ते एकदा करावं लागलं, फोमचा पूर्ण सेट वाया गेला. भांडून मशीन बदलून घेतलं. भाड्यापेक्षा या सेटचाच खर्च जड जातो, तो आधी विचारून ठेवा.

आबांना रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू होत्या. डब्यात लालभडक रक्त येऊ लागलं तर मशीन बंद करायचं, जखम दाबून धरायची आणि थेट दवाखाना गाठायचा, हे घरातल्या प्रत्येकाला पाठ करवलं होतं. वेळ आली नाही.

सहाव्या आठवड्यात जखमेत डाळिंबाच्या दाण्यांसारखं लाल मांस भरलं. जूनमध्ये मांडीची कातडी लावली, तीही धरावी म्हणून वर पाच दिवस हेच मशीन.

आता वेचणी सुरू आहे. परवा आबा एमसीआर चपला (साखरेच्या पेशंटसाठीच्या मऊ रबरी तळाच्या) घालून बांधापर्यंत जाऊन आले. आल्या आल्या मी पाय धुऊन पुसला, खाली आरसा धरला आणि दोघांनी मिळून तळवा नीट बघितला. कुठे लालीसुद्धा नव्हती.