कातळावर उभा राहणारा रॉड-स्टॅण्ड: पावसाळा ते पावसाळा वापरल्यानंतर

नाशिकच्या गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला गळ टाकून बसणाऱ्यांची एक जुनी अडचण आहे. रॉड ठेवायचा कुठे? दुकानात मिळणारा स्टॅण्ड म्हणजे खाली टोकदार सळई आणि वर रॉड टेकवायला खोबणी. सळई जमिनीत खुपसायची. आपल्याकडे खुपसायला जमीन असते कुठे? वर चार बोटं मुरूम, खाली काळा पाषाण. मग दगड रचून त्यात रॉड अडकवायचा, आणि मोठा कटला लागला की दगडांसकट सगळं उधळून रॉड पाण्यात. असे गेलेले रॉड-रील मी डोळ्यांनी पाहिलेत. म्हणून सातपूरच्या एका काकांनी स्वतःपुरता बनवलेला तीन पायांचा स्टॅण्ड आता ते विकायलाही लागलेत असं कळल्यावर मी थांबलो नाही. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी घेतला. हिवाळा गेला, उन्हाळा गेला, आता पुन्हा आभाळ भरून यायला लागलंय. गंगापूर, वालदेवी, मुकणे, दारणा अशा सगळ्या ठिकाणी तो उभा करून झाल्यावर हे लिहितोय.

आधी वस्तूबद्दल. तीन पाय आहेत, कारण उंचसखल दगडावर तीन पाय टेकतातच; चार असले की एक हवेत राहतो. पाय स्टेनलेस स्टीलच्या (एसएस 304) पाइपचे, आत-बाहेर सरकणारे, घडी घातली की रॉडच्या पिशवीत जातात. मधल्या दांड्याला खाली हुक आहे. त्याला कापडी पिशवी लटकवायची आणि काठावरचेच दगड त्यात भरायचे. वजन घरून वाहून न्यायचं नाही, आणि वजन खाली असल्यामुळे स्टॅण्ड हलत नाही. एक पाय बाकीच्या दोघांपेक्षा लांब आहे, तो नेमका पाण्याकडे करायचा. मासा ओढतो पाण्याकडे, म्हणजे स्टॅण्ड कलंडला तर त्याच पायावरून कलंडणार. तो पाय जितका पुढे, तितकं कलंडणं अवघड. बरेच जण उलटं लावतात, दोन पाय पाण्याकडे आणि एक आपल्याकडे, आणि मग हलतो म्हणतात. काकांनी त्या लांब पायावर लाल पट्टी मारलीय ती याच्यासाठीच.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे पायांची टोकं. प्रत्येक पायाच्या तळाला आटे पाडलेला रबरी बूट आहे. कोरड्या कातळावर तो बूट खाली ठेवायचा, रबर घट्ट धरतं. शेवाळलेल्या दगडावर रबर घसरतं, तिथे बूट फिरवून वर न्यायचा, आतलं पोलादी टोक बाहेर येतं आणि दगडाच्या खाचेत बसतं. उन्हाळ्यात धरणाचं पाणी शेतीच्या आवर्तनाला आणि शहराच्या पिण्याला जात राहतं, काठ मागे सरकतो आणि गाळाचा पट्टा उघडा पडतो. त्या गाळात टोकही रुततं आणि बूटही. तिथे टोकात अडकवायच्या तीन पत्र्याच्या चकत्या सोबत मिळतात, तळहाताएवढ्या. एकच स्टॅण्ड भरल्या धरणाच्या कातळावर आणि मे महिन्यातल्या गाळात असा दोन्हीकडे उभा राहतो. हे एका जागी बसून सुचलेलं नाही. वर्षभर काठावर बसणाऱ्या माणसालाच ते सुचू शकतं.

आता बिघाडाचं. माझ्या स्टॅण्डची खोबणी थ्रीडी प्रिंट केलेली होती, पीएलए नावाच्या प्लॅस्टिकची. एप्रिलमध्ये गाडीच्या डिकीत दुपारभर राहिली आणि एका बाजूने लवंडली. रॉड त्यात बसेना. फोन केला तर काकांचा पहिला प्रश्न, "गाडी उन्हात होती का?" हो म्हटल्यावर म्हणाले, "मग चूक माझी. तुम्ही या, बदलून देतो." पीएलए साधारण 60 अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं, आणि उन्हात बंद उभी असलेली गाडी आत तेवढी सहज तापते. नवीन खोबणी त्यांनी पांढऱ्या नायलॉनच्या गजातून कापून घेतलीय. तिला काही झालेलं नाही, शिवाय तंगूस घासून तिला खाचा पडलेल्या नाहीत. आता नवीन घेणाऱ्यांना नायलॉनचीच मिळते, आणि आधीच्या सगळ्या गिऱ्हाइकांना त्यांनी स्वतः फोन करून खोबण्या बदलून दिल्या. पैसे घेतले नाहीत.

घंटीबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. सोबत रॉडच्या टोकाला लावायची चिमट्याची घंटी येते, मासा ओढायला लागला की वाजणारी. हिवाळ्याच्या सकाळी पाणी आरशासारखं असतं तेव्हा ठीक. जून लागला की पश्चिमेचा वारा बॅकवॉटरवर असा सुटतो की घंटी वाजायची थांबतच नाही, आणि रोहू हलकेच चारा चोखत असला तरी वाऱ्यात ते कळत नाही. मी घंटी काढून तंगुसावर हलका लोंबता पिसाचा तुकडा अडकवतो, नजर त्याच्यावर. काकांना सांगितलं, त्यांनी वहीत लिहून घेतलं. आणि कितीही भक्कम स्टॅण्ड असला तरी रीलचा ड्रॅग, म्हणजे मासा ओढताना सुटणाऱ्या तंगुसाला अडवणारा ब्रेक, सैल ठेवायलाच हवा. मोठ्या माशापुढे ड्रॅग आवळलेला असेल तर आधी तंगूस तुटेल नाहीतर रॉड मोडेल, त्याला स्टॅण्ड काय करणार?

आता धंद्याबद्दल थोडं, कारण ही वस्तू आपल्याच गावात कशी उभी राहिली हे मला महत्त्वाचं वाटतं. काका अंबडच्या एका टूलरूममध्ये फिटर होते. पहिला स्टॅण्ड भंगारातल्या पाइपचा, स्वतःसाठी. शेजारी बसणाऱ्याने मागितला, मग त्याच्या मेहुण्याने. सुरुवातीला ते फक्त मालाचे पैसे घ्यायचे. मुलीने एकदा बसून हिशोब मांडला: कापणं, वेल्डिंग, बफिंग, रिक्षाभाडं, आणि काकांची स्वतःची मजुरी, जी तोवर कुणी धरलीच नव्हती. त्यानंतर किंमत वाढली, तरी ती दोन हजारांच्या आतच आहे. मला ती रास्त वाटते. आधी हा स्टॅण्ड साध्या पोलादाचा (एमएसचा), पावडर कोटिंग केलेला होता. पण कोटिंगवाले थोड्या नगांना परवडेल असा दर देत नाहीत, आणि पाय सरकतो तिथलं कोटिंग घासून गंज धरतोच. म्हणून एसएसकडे वळले. पाइप महाग, पण एक कामच कमी झालं.

नाशिकची खरी ताकद इथे दिसते. पट्ट्या लेझरवर कापून मिळतात, टिग वेल्डिंगवाला दोन गल्ल्या सोडून, नायलॉनचं मशीनिंग जॉबवर्कवर. सगळं सातपूर-अंबडच्या पट्ट्यात. इंजेक्शन मोल्डिंगची डाय, म्हणजे प्लॅस्टिकचे भाग ओतायचा साचा, करायची तर खर्च लाखात जातो, तो थोड्या नगांवर कधीच निघत नाही, म्हणून काका त्या वाटेला गेले नाहीत. त्याऐवजी त्यांनी भोकं पाडायचं फिक्स्चर बनवलं, म्हणजे पाय अडकवायची चौकट, तिच्यामुळे प्रत्येक पायाची भोकं एकाच जागी पडतात. याचा फायदा मला प्रत्यक्ष मिळाला. माझी मोटारसायकल पडली त्यात एक पाय वाकला. काकांनी फळीवरचा दुसरा पाय उचलून दिला, मी घरी पान्याने बसवला, कानस लावावी लागली नाही.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, मुलीने घरी बसून केली. ती ऑनलाइन आणि फुकट असते, तरी मधले लोक त्याचे पैसे मागतात, देऊ नका. जीएसटीचंही नीट समजून घ्या. मालाची वर्षाची विक्री 40 लाखांच्या आत असली तर नोंदणी लागत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण माल दुसऱ्या राज्यात पाठवला की ती मर्यादा कामाला येत नाही, नोंदणी करावी लागते. सुरतेहून मागणी आली तेव्हा काकांनी आधी नोंदणी केली आणि मगच पार्सल पाठवलं.

एक गोष्ट मनाला लागलीय. आता याच आकाराचा, पातळ पाइपचा स्टॅण्ड दुसरीकडेही मिळायला लागलाय. डिझाइन कायदा 2000 प्रमाणे नवीन आकाराची नोंदणी करता येते, 10 वर्षांचं संरक्षण मिळतं आणि ते आणखी 5 वर्षं वाढवता येतं. पण आकार आधी बाजारात आलेला नसावा अशी अट आहे. काकांचा स्टॅण्ड तोवर कितीतरी काठांवर उभा होता. घरात कुणी असं काही बनवत असेल तर विकायच्या आधी, फोटो टाकायच्याही आधी, जाणकाराला विचारा. पायांचा बूट वर-खाली करून टोक बाहेर काढायची रचना आकाराच्या नव्हे, कामाच्या बाजूची. त्याला पेटंट लागतं, आणि त्यालाही नवेपणाची अट आहेच.

घ्यायचा असेल तर लांब पायांच्या मापाचाच घ्या. आखूड पायांच्या मापाचा थोडा स्वस्त आहे, पण बारा फुटी रॉडला तो पुरत नाही. नायलॉनची खोबणी आहे ना हे बघून घ्या. पिशवी जाड कापडाची शिवून घ्या, सोबतची शिवण दगडाच्या धारेने उसवते. धरणांतली मासेमारी बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असते, तेव्हा परवानगी घेऊनच बसा. दोन रॉड एकाच स्टॅण्डवर ठेवता येतील अशी आडवी पट्टी काका सध्या करून बघतायत. तिचा नमुना मी वालदेवीला लावून पाहिला. दोन्ही रॉडना एकदम मासा लागला तर ताण एका बाजूला जाऊन स्टॅण्ड फिरतो. ते सुटेपर्यंत ती पट्टी विकायची नाही असं त्यांनी ठरवलंय.